दोन शाळांचा करार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुली आणि आपली हायस्कुले' असे सांगितले. त्यांना थोडे नवल वाटले. युनियनचा माणूस आला म्हणजे तो मजुरी, बोनस, संप यांवर बोलणार, अशी आपली समजूत असते, आणि ती अगदीच चुकीची आहे असे नाही. परंतु मजुरापाशी भांडवल म्हणून काय असते? जमीन नाही, दुकान नाही, बँकेत ठेव नाही. दोन हात, दोन पाय आणि पाठीचा कणा, एवढ्यावर त्याचा सारा व्यवहार चालतो. ज्याचे सारे भांडवल शरीर, त्याला त्या शरीराची माहिती नसावी, यासारखा तोट्याचा धंदा दुसरा नाही. यास्तव हा विषय मी परका मानीत नाही.

माझे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे शिक्षण केले ते मुकादमाच्या वहीने आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांनी. नवा मजूर संघटनेत आला की आम्ही त्याला पहिली गोष्ट शिकवतो ती घोषणा नव्हे. उचल किती घेतली, मोळ्या किती बांधल्या, खाडे किती पडले आणि शिल्लक काय निघते, हा हिशेब आम्ही त्याला वाचायला शिकवतो. हिशेब ज्याला वाचता येतो त्याला फसवणे कठीण जाते. आरोग्याचे शिक्षण म्हणजे आपल्या शरीराचा हिशेब आपल्याला वाचता येणे. याहून मोठी व्याख्या मला ठाऊक नाही.

हा हिशेब वाचता आला नाही म्हणजे काय होते, याचा एक दाखला महाराष्ट्राच्या सरकारी दप्तरात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल ओरड झाली तेव्हा राज्य सरकारने २०१९ साली समिती नेमली. त्या वेळी ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले. म्हणजे शेकडा सुमारे सतरा. सहा बायकांत एक. देशभराच्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. असे का व्हावे? नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. पाळीत बाई फडात उतरली नाही की खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता होतो. पोटात दुखते, अंगावरून जाते, म्हणून ती दवाखान्यात गेली की तिला सांगण्यात येते, 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.' ती पिशवी काय काम करते, साध्या जंतुसंसर्गावर औषधाने इलाज होतो का, काढल्यानंतर पुढे काय त्रास होतील, हे विचारण्याइतकी माहिती तिच्यापाशी नसते. खाड्याचा दंड बंद करणे हे संघटनेचे काम आहे आणि ते संघटनेनेच केले पाहिजे. परंतु डॉक्टरासमोर बसून 'का?' हा एक शब्द विचारण्याचे बळ त्या बाईला वयाच्या चौदाव्या वर्षी शाळेत मिळायला हवे होते.

आपण म्हणाल, बीड दूर आहे. परंतु आपल्या तळोद्याकडे पाहा. सातपुड्याच्या पायथ्याचा हा तालुका. दिवाळी सरली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांतली कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला निघतात. भोंगऱ्या बाजारासाठी आणि होळीसाठी जीव तोडून परत येतात. कित्येकांना तेही साधत नाही. आज आपल्या हायस्कुलांत आणि आश्रमशाळांत आठवी-नववीला बसलेली मुलगी चार-पाच वर्षांनी त्याच फडात असण्याचा संभव आहे. तिच्यापर्यंत पोचायला आपल्या हाती जी वर्षे आहेत ती एवढीच.

आता, पोचायचे कोणी? डॉक्टर थोडे आहेत आणि त्यांच्यापुढे रांग मोठी आहे. शिक्षकांना अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. शिवाय कित्येक विषय असे असतात की फळ्यासमोर उभे राहून ते बोलताना गुरुजींचा आणि मुलांचा, दोघांचाही कंठ आवळतो. अशा वेळी माझ्या डोळ्यांसमोर येते ती नर्सिंगचे शिक्षण घेणारी मुलगी. वय अठरा-एकोणीस. शाळा सुटून तिला फार दिवस झालेले नाहीत. हायस्कूलच्या मुलीला ती मोठ्या बहिणीसारखी वाटते. तिच्यापाशी विचारता येते. पुष्कळदा ती अशाच एखाद्या पाड्यावरून आलेली असते. आता या शिक्षणात मुलगेही आहेत, ही आनंदाची गोष्ट. हायस्कूलच्या मुलांशी बोलायला ते हवेच आहेत.

परिचर्या आणि शिक्षण ही दोन कामे आपल्याकडे कधीच वेगळ्या घरची नव्हती. सावित्रीबाई फुले यांना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून हार घालतो. परंतु १८९७ च्या प्लेगात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या आणि त्याच साथीने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. तेथे बायकांना शिक्षिका होण्याचे शिक्षण मिळे आणि परिचर्येच्या शिक्षणासाठी त्यांना ससून रुग्णालयात पाठवले जाई. त्या काळी परक्या माणसाचे मलमूत्र काढणे हे कुलीन घरच्या बाईला लाजिरवाणे समजत. रमाबाईंनी त्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. शिक्षिका आणि परिचारिका एकाच संस्थेच्या लेकी होत्या. पुढे आपण दोघींची दारे वेगळी केली.

परदेशातला एक दाखला देतो, कारण तो मजूरवस्तीतला आहे. न्यूयॉर्क शहरात १९०२ साली शाळांत डॉक्टर येत, मुले तपासत आणि डोळे आलेले, खरूज झालेले, उवा पडलेले मूल दिसले की त्याला घरी पाठवून देत. घरी त्याच्यावर उपचार करणारे कोणी नसे. ते मूल रस्त्यावर खेळे, आणि संध्याकाळी शाळेतली तीच मुले त्याच्याबरोबर खेळायला येत. रोग होता तिथेच राहिला. बुडाली ती शाळा. तेव्हा लिलियन वाल्ड नावाच्या परिचारिकेने पालिकेला सांगितले की, आमची एक परिचारिका महिनाभर घेऊन पाहा. लिना रॉजर्स ही ती परिचारिका. तिच्याकडे चार शाळा दिल्या. ती शाळेतच मलमपट्टी करी आणि संध्याकाळी मुलाच्या घरी जाऊन आईला काय करायचे ते दाखवी. प्रयोग वाढवला गेला, आणि वर्षभरात रोगापायी घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या जवळजवळ एक दशांशावर आली. औषध नवे नव्हते. शाळा आणि घर यांच्यामध्ये चालत जाणारे माणूस नवे होते.

आणि आपल्या मुंबईतला दाखला याहून जवळचा आहे. मालाडजवळची मालवणी ही गरिबांची वस्ती. तेथे के.ई.एम. रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळींनी शाळेतल्या मुलांनाच आरोग्याचे पुढारी केले. मुले शिकत, घरी जात, आईला सांगत, शेजारच्या घरांवर लक्ष ठेवीत. डॉ. विजया भालेराव यांनी या कामाविषयी लिहिलेला लेख १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. ज्या मुलाला आपण 'अजून लहान आहे' म्हणून गप्प बसवतो, त्याचे म्हणणे वस्तीतल्या बायका ऐकतात, असा त्या कामाचा अनुभव होता. आणि या जिल्ह्याला तर हे सांगायलाच नको. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या चौकात झेंडा हाती धरून गोळी झेलणारा शिरीषकुमार शाळेतलाच मुलगा होता.

मंडळी, इथवर सारे गोड आहे. आता थोडे कडू बोलतो.

आरोग्य शिक्षण शाळेत होत नाही असे नाही. होते. माझ्या पाहण्यात एक कार्यक्रम आहे. कोणत्या गावचा ते सांगण्याचे कारण नाही. नर्सिंगच्या मुली गाडीतून उतरल्या. भिंतीवर तक्ते लागले. पंचवीस मिनिटांत हात धुणे, सकस आहार, पाळीची स्वच्छता, डेंग्यू आणि व्यसनमुक्ती असे पाच विषय उरकले. फोटो निघाला, पाहुण्यांना नारळ दिला, गाडी गेली. मुलींच्या नोंदवहीत सही झाली, शाळेच्या अहवालात एक ओळ पडली. मी एका मुलाला विचारले, 'काय शिकलास?' तो म्हणाला, 'टाळ्या वाजवायच्या होत्या.' यात त्या विद्यार्थिनींचा दोष नाही आणि शाळेचाही नाही. दोघांनाही नोंद हवी होती, ती मिळाली. भेट झाली, भागीदारी झाली नाही.

आमच्याकडे दोन पक्ष एकत्र काम करणार म्हटले की करार होतो. कोणी काय द्यायचे, कोणी काय घ्यायचे, मुदत किती, हे ठरते. मी म्हणतो, हायस्कूल आणि नर्सिंगची शाळा यांनी तसा करार करावा. त्याची कलमे माझ्या अडाणी बुद्धीने अशी सुचतात.

पहिले कलम, मुदत. एक वर्ग, त्याच विद्यार्थिनी, जून ते मार्च, पंधरवड्यातून एकदा. एका वेळी एकच विषय. आणि महत्त्वाचे विषय दिवाळीच्या आत. कारण दिवाळीनंतर बाकावरची मुले आईबापांबरोबर पडावावर गेलेली असतात. सरकारी 'दिन' आणि 'सप्ताह' यांच्यापेक्षा आपले पंचांग उसाच्या तोडीवरून ठरले पाहिजे.

दुसरे कलम, देवघेव. शाळेत एक प्रश्नपेटी असावी. मुलांनी नाव न घालता चिठ्ठी टाकावी. पुढच्या खेपेला त्या चिठ्ठ्यांवरच बोलणे व्हावे. ज्याचे उत्तर येत नाही तिथे 'विचारून सांगते' म्हणावे आणि खरोखर विचारून यावे. बदल्यात मुलांनी त्या विद्यार्थिनींना आपली बोली शिकवावी. बाहेरगावहून आलेल्या मुलीला भिलोरी, पावरी, अहिराणी येत नाही. चक्कर, कळ, अंगावरून जाणे, धाप लागणे, यांना घरी कोणता शब्द आहे, याची एक वही दोघांनी मिळून करावी. उद्या तीच मुलगी रुग्णालयात कामाला लागली आणि पाड्यावरची म्हातारी तिच्यासमोर बसली, तर ती वही कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून उपयोगी पडेल. शिकवणाऱ्यालाही काही शिकायला मिळाले म्हणजेच ती भागीदारी.

तिसरे कलम, कारण सांगणे. उदाहरण म्हणून शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शेकडा ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे गोळी हवीच. परंतु मुली ती मुठीत धरून बाहेर टाकतात. का? उपाशी पोटी घेतली की मळमळते. शौचाला काळे होते, त्याची भीती वाटते. मग कोणी तरी म्हणते, ही मूल न होण्याची गोळी आहे. 'गोळी घ्या' असे दहा वेळा सांगून हे जात नाही. जेवून घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, लिंबू असेल तर उत्तम, काळे होणे हे त्या लोहामुळेच आणि त्यात भय नाही, हे मोठ्या बहिणीसारख्या मुलीने एकदा नीट सांगितले की गोळी पोटात जाते.

चौथे कलम आपल्या मुलखाचे. ते सिकलसेलचे. सातपुड्याच्या आदिवासी समाजात हा आजार पुष्कळ आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि सांधे-हाडे असह्य ठणकतात. लोहाच्या गोळीने हा जात नाही. याचे औषधपाणी वेगळे, आणि ते नेमाने घेतले तर माणूस संसार करतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी याचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असा त्याचा संकल्प आहे. परंतु तपासणीचे कार्ड हाती आले, त्याचा अर्थ कोण सांगणार?

मी असा पाठ कल्पितो. एका मुलाच्या आणि एका मुलीच्या हाती दोन-दोन दाणे द्या, एक ज्वारीचा, एक तुरीचा. ज्वारी म्हणजे निरोगी, तूर म्हणजे सिकल. दोघेही धडधाकट आहेत, कारण एक तूर असून भागत नाही. हे वाहक. आता डोळे मिटून दोघांनी एक-एक दाणा टेबलावर ठेवावा. दोन्ही तुरी आल्या तर मूल आजारी. चाराला एक, असा हा संभव. आणि तो दर बाळंतपणाला नव्याने. पहिले आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे नव्हे. दोन्हींपैकी एकाच्या हाती दोन ज्वारी असतील, तर मूल फार तर वाहक निघेल, आजारी निघणार नाही. दहा मिनिटांच्या या खेळात मुलांना दोन गोष्टी कळतील. एक, लग्नाआधी दोघांचे कार्ड पाहावे. दुसरी, मूल आजारी निघाले तर त्यात एकट्या आईला बोल लावता येत नाही; दाणा दोघांनी टाकलेला असतो. आपल्या समाजात ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे.

पाचवे कलम, अब्रू. कोणत्याही मुलीचे रक्त किती भरले, कोणाच्या कार्डावर काय आहे, हे वर्गात मोठ्याने वाचायचे नाही, भिंतीवर लावायचे नाही. आज जे नाव फळ्यावर गेले ते उद्या सोयरिकीच्या बैठकीत निघते. परंतु ज्याला दवाखान्यात पाठवले, तो पोचला का, औषध मिळाले का, याची नोंद एका शिक्षकाच्या बंद वहीत राहिलीच पाहिजे. पाठवले आणि विसरले, हा न्यूयॉर्कचा जुना गुन्हा आपण पुन्हा करू नये.

सहावे कलम माझ्या धंद्याचे आहे, ते मी सोडणार नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला फुकटची कामगार समजू नका. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सकाळी गाडीत कोंबून शाळेत पाठवले, तर ती आरोग्य काय शिकवणार? शाळेतले तास तिच्या कामाच्या तासांत धरावेत, जाण्या-येण्याची सोय संस्थेने करावी, बरोबर तिच्या शिक्षिका असाव्यात. आणि तिच्याकडून डॉक्टरकीची अपेक्षा करू नये. तिचे काम समजावण्याचे आणि रस्ता दाखवण्याचे.

काही आक्षेप मला ठाऊक आहेत. पालक म्हणतील, 'पाळीबिळीचे विषय शाळेत कशाला? पोरी बिघडतील.' मी त्यांना बीडचा आकडा दाखवीन आणि विचारीन, न कळल्याने कोण सुधारले? दुसरे म्हणतील, 'हे बायकांचे काम, मुलग्यांना वर्गाबाहेर काढा.' माझे उलट म्हणणे आहे. उद्या खाडा मांडणारा मुकादम, बायकोला दवाखान्यात नेणारा नवरा आणि सुनेला बोल लावणारा सासरा याच बाकांवर बसलेला आहे. त्याला बाहेर काढून चालणार नाही.

तिसरा आक्षेप माझाच आहे आणि तो सर्वांत खरा आहे. नुसत्या शिकवण्याने पोट भरत नाही. हात धुवा म्हणून शिकवले आणि नळाला पाणी नसले, पाळीची स्वच्छता शिकवली आणि शाळेच्या संडासाला कडी नसली, तर तो पाठ थट्टेसारखा होतो. म्हणून शिक्षणाबरोबर मागणी आली पाहिजे. मुलांनी परिचारिकांबरोबर आपल्या शाळेतले नळ आणि संडास मोजावेत, चालू किती, बंद किती, आणि तो कागद मुख्याध्यापकांनी नगरपालिकेकडे, पंचायत समितीकडे न्यावा. या भागाला हा मार्ग नवा नाही. १९७२ साली शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटना उभी राहिली. तेव्हा शिबिरांत बायका एकमेकींशी बोलल्या आणि मग गावोगाव जाऊन त्यांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. दारू वाईट असते, हे त्यांना कोणी तक्त्यावर दाखवले नव्हते. आपले दुःख एकटीचे नाही, हे त्यांना बोलता बोलता उमगले, आणि मग त्या उठल्या.

शेवटी आपल्याकडे मागणे. आपल्यापैकी कोणी शाळेच्या समितीवर असेल, कोणी नगरसेवक असेल, कोणाची मुलगी नर्सिंगला असेल, कोणाचा मुलगा नववीत जाणार असेल. जूनमध्ये शाळा उघडतील. त्याच्या आत आपल्या गावातल्या एका तरी हायस्कूलचे मुख्याध्यापक आणि जिल्ह्यातल्या एका तरी नर्सिंगच्या शाळेच्या प्राचार्या एका टेबलाशी बसाव्यात, एवढे घडवून आणा. एक वर्ग, दहा महिने, वीस भेटी. खर्च म्हणाल तर एक प्रश्नपेटी, एक वही, मूठभर ज्वारी आणि मूठभर तूर. दिवाळीनंतर पडावाकडे निघालेल्या गाडीत बसणाऱ्या एखाद्या पोरीच्या गाठोड्यात भाकरीबरोबर एवढे ज्ञानही गेले, तर ते वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही.